मेणकिडा पाळायचा, पण मधपेट्यांपासून लांब

वाचकाचं पत्र : पाटण तालुक्यात डोंगरउतारावर माझ्या सातेरीच्या, म्हणजे देशी मधमाशीच्या, 22 पेट्या आहेत आणि खाली नदीकाठच्या रानात मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या, 6. गेल्या पावसाळ्यात मेणकिड्याने, म्हणजे पोळं पोखरणाऱ्या मेणपतंगाच्या अळीने, सातेरीच्या 5 वसाहती घालवल्या. माळ्यावर रचून ठेवलेल्या 40 रिकाम्या चौकटींचा तर जाळी आणि भुसा झाला. शेजारचे मधपाळ चौकटींत डांबरगोळ्या ठेवायला सांगतात, ते मनाला पटत नाही. सूत्रकृमी (कीटक मारणारे बारीक कृमी), बीटी (जिवाणू) आणि मेटारायझियम (बुरशी) ही जैविक औषधं घरी गूळपाण्यात किंवा भातावर स्वस्तात तयार होतात, असं ऐकलं. यातलं मला काय जमेल? खर्च किती? ते पेटीत वापरता येईल का? थोडा ऊस आहे, त्यात हुमणी, म्हणजे मातीत राहून मुळं खाणारी भुंगेऱ्याची अळीही आहे.

उत्तर : तिन्हींपैकी घरी नीट जमण्यासारखे आहेत ते सूत्रकृमी. बीटी विकत घ्या. मेटारायझियम मधपेटीसाठी तरी सोडून द्या. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढे निराशा नको. सूत्रकृमी हे मातीतलं हत्यार आहे, पोळ्यातलं नव्हे. ते तुमच्या उसाला उपयोगी पडतील आणि त्यातून नदीकाठच्या माश्यांनाही. पण माळ्यावरच्या चौकटी त्यांनी वाचणार नाहीत. चौकटींचा बंदोबस्त वेगळा आहे आणि तो सूत्रकृमींपेक्षा सोपा आहे, म्हणून आधी तोच बघू.

डांबरगोळीला नाही म्हणालात ते बरोबर केलंत. तिच्यातलं नॅफ्थलीन मेणात मुरतं आणि त्याच पोळ्यात पुढे भरलेल्या मधात उतरतं. चौकट महिनाभर वाऱ्यावर टांगली तरी मेण ते पुरतं सोडत नाही.

मेणकिडा नुसत्या मेणावर नीट वाढत नाही. त्याला हवे असतात जुन्या काळ्या पोळ्यात साठलेले पिलाव्याचे, म्हणजे माश्यांच्या पिल्लांचे, कोष, कातडी आणि पराग. म्हणून पांढऱ्या नव्या पोळ्याला किंवा कोऱ्या पाया पत्र्याला (पोळं बांधायला दिलेल्या मेणाच्या पत्र्याला) तो क्वचितच लागतो आणि तीन-चार वर्षं पिलावा काढलेलं काळं पोळं आधी खातो. तुमच्या 40 चौकटींत काळी पोळी किती होती ते आठवून बघा. दोन वर्षांहून जुनं पिलाव्याचं पोळं साठवायचंच नाही, वितळवून मेण करायचं, एवढा नियम पाळला तरी साठवणीतलं निम्मं दुखणं कमी होतं.

गेलेल्या 5 वसाहतींबद्दल आमचा अंदाज वेगळा आहे. बळकट वसाहतीतल्या कामकरी माश्या अळी लहान असतानाच तिला ओढून बाहेर टाकतात. मेणकिडा वसाहत मारतो त्यापेक्षा मरायला टेकलेल्या वसाहतीत शिरतो, असं म्हणणं खरं आहे. जून ते ऑगस्टच्या पावसात फुलोरा नसतो, सातेरीची संख्या घटते, पण पेटीत चौकटी मात्र मे महिन्यातल्या तेवढ्याच राहतात. माश्यांनी न झाकलेल्या कडेच्या पोळ्यांत मादी पतंग अंडी घालते. तिथून किडा मधल्या पिलाव्यात घुसतो आणि सातेरी वैतागून घर सोडते. तेव्हा पावसाच्या तोंडाला मधकोठी (मधासाठीचा वरचा कप्पा) उतरवा, माश्या दोन्ही अंगांनी झाकतील तेवढ्याच चौकटी ठेवा, फटी मेणाने किंवा मातीने बुजवा आणि तळपाट (पेटीच्या तळाची फळी) दर 8 ते 10 दिवसांनी खरवडून घ्या. तळपाटावरचा तो काळसर चुरा म्हणजे मेणकिड्याचं पाळणाघर. खरवड पेटीशेजारी टाकू नका. डब्यात भरून घरी न्या, तिचा उपयोग पुढे येतोय.

काढलेल्या चौकटींसाठी सगळ्यात खात्रीचा आणि बिनऔषधाचा उपाय म्हणजे थंडी. उणे 7 अंशांत साडेचार तास, उणे 12 मध्ये 3 तास किंवा उणे 15 मध्ये 2 तास ठेवल्यावर मेणकिड्याची अंडी, अळी, कोष आणि पतंग या चारही अवस्था मरतात. पण हा वेळ पोळ्याचा गाभा तेवढा थंड झाल्यानंतरचा आहे. म्हणून साध्या डीप फ्रीजमध्ये 24 तास, आणि पराग किंवा मध भरलेल्या चौकटी असल्या तर 48 तास ठेवा. आठवडी बाजाराच्या गावात आइस्क्रीमवाल्याचा फ्रीज पावसाळ्यात बऱ्याचदा अर्धा रिकामा असतो, ठरवून 8-10 चौकटींची एक खेप अशी फिरवता येते. चौकटी आधी जाड प्लास्टिक पिशवीत हवाबंद करा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. ही घाई नेहमी नडते. थंड पोळ्यावर दमट हवा बसली की चार दिवसांत बुरशी येते आणि दोष फ्रीजवर जातो. तीच पिशवी न फोडता कोरड्या जागी ठेवली तर नवीन पतंगही आत शिरत नाही.

फ्रीज जमत नसेल तर बीटी. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूच्या पेशीत बीजाणूबरोबर प्रथिनाचा एक स्फटिक बनतो. पतंगवर्गीय अळीने तो खाल्ला की तिच्या आम्लारीधर्मी आतड्यात तो विरघळतो, आतडं फुटतं आणि अळी मरते. मधमाशीच्या आतड्यावर या जातींचा तसा परिणाम होत नाही. मेणकिड्यावर 'ऐझावाई' ही उपजात सर्वांत चांगली आणि परदेशात पोळ्यांसाठी तीच विकली जाते. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात सहज मिळते ती 'कुर्स्टाकी'. ती थोडी कमी पडते, पण लहान अळीवर चालते.

आता गूळपाण्याचा प्रश्न. गूळ, ताक आणि बीटीची पुडी ड्रममध्ये घालून आठ दिवस ढवळण्याची कृती सगळीकडे फिरते. तिने जे तयार होतं ते बहुतेक वेळा आंबलेलं गूळपाणी असतं. बीटीला भरपूर हवा लागते आणि स्फटिक बनतो तो अन्न संपून जिवाणू बीजाणूवर गेल्यावर. गुळाच्या उघड्या द्रावणात यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू त्याच्या आधी वाढतात, द्रावण आंबट होतं आणि बीटी मागेच राहतं. शिवाय त्याचाच सख्खा भाऊ बॅसिलस सेरियस तिथे वाढू शकतो. तो अन्नातून विषबाधा करणारा. डोळ्यांनी किंवा वासाने दोघांत फरक करता येत नाही. शेतातल्या पिकावर कुणी काय फवारावं तो त्याचा विचार, पण ज्या पोळ्यात लोकांनी खायचा मध भरणार त्यावर हे पाणी शिंपडू नये.

विकतच्या भुकटीच्या लेबलावर मधाच्या पोळ्याचं प्रमाण नसतं. म्हणून आपलं प्रमाण आपणच तपासून घ्यायचं. जुन्या पोळ्याचे 5 × 5 सेंमीचे चार तुकडे कापा. एकावर साधं पाणी आणि उरलेल्यांवर लिटरला 2, 5 व 10 ग्रॅम असं द्रावण फवारा. सावलीत पूर्ण वाळवा. प्रत्येक तुकडा वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवून त्यात 1 सेंमीपेक्षा लहान अशा 10 अळ्या सोडा. पाचव्या दिवशी मोजा. पाण्याच्या बरणीत 8-9 तरी जिवंत हव्यात, नाहीतर चाचणीच फुकट, पुन्हा करा. ज्या सगळ्यात कमी प्रमाणात 9 किंवा 10 मेल्या, ते तुमचं प्रमाण. मेलिफेराच्या चौकटीला एका बाजूस साधारण 10 मिली पुरतं, सातेरीच्या लहान चौकटीला त्याच्या निम्मं. फवारा धुक्यासारखा बारीक हवा. पोळ्याच्या घरांत (षटकोनी खणांत) पाणी साचलं की बुरशी आलीच. फवारायचं ते फक्त मध आणि पिलावा नसलेल्या पोळ्यावर, साठवणीला ठेवण्याआधी, आणि वाळवायचं सावलीत, कारण ऊन बीटीला काही दिवसांत निकामी करतं. बीटी अंडी किंवा कोष मारत नाही. मोठी अळी खाणं थांबवून कोष करायला निघाली असेल तर तिलाही काही होत नाही. म्हणून आधीच पोखरलेल्या चौकटीवर मारून उपयोग नाही. आणि शेजारी कुणाची तुतीची बाग व रेशीम कीटक असतील तर त्या दिशेने एक थेंबही जाऊ देऊ नका, रेशीम अळीसुद्धा पतंगाचीच अळी.

आता सूत्रकृमी. यातली गंमत अशी की जगभरच्या प्रयोगशाळा कीटक मारणारे सूत्रकृमी वाढवायला जी अळी पाळतात ती हीच, आपली मोठ्या मेणपतंगाची अळी. कातडी पातळ, प्रतिकार कमी, अंग भरलेलं. तुम्ही डब्यात साठवलेली खरवड आणि त्यातल्या अळ्या म्हणजे निम्मा कच्चा माल.

जात घ्यायची हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका. हिचं वर्णन 1992 मध्ये कोइमतूर भागातल्या नमुन्यावरून झालं. ती आपल्या उष्ण हवेला सरावलेली आहे. परदेशी थंड हवेतल्या जाती मागवू नका, आपल्या मे महिन्यात त्या टिकत नाहीत. मूळ बियाणं बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे किंवा कृषी विद्यापीठांच्या जैविक कीड नियंत्रण विभागांत विचारा. बियाणं फार लागत नाही, त्याचं कारण खाली हिशेबात येईल.

आधी अळ्या. खाद्य असं : मक्याचं पीठ 200 ग्रॅम, गव्हाचं पीठ 100, गव्हाचा कोंडा 100, दूध पावडर 100, बेकरीचं कोरडं यीस्ट 50, मध 175, ग्लिसरीन 150. पिठं आणि कोंडा आधी कढईत मंद आचेवर चटका बसेपर्यंत परता, नाहीतर धान्यातले किडे आणि कोळीही तुम्ही पाळाल. गार झाल्यावर यीस्ट व दूध पावडर मिसळा. मध आणि ग्लिसरीन वेगळं एकजीव करून थोडं थोडं घालत चोळा. बेसनाच्या लाडवाचं मिश्रण वळण्याआधी जसं असतं तसं हवं. मूठ वळावी आणि बोटाने दाबली की सुटावी. चिकट झालं तर लहान अळ्या त्यात अडकून मरतात, फार कोरडं राहिलं तर वाढ खुंटते. ग्लिसरीन महाग वाटतं म्हणून लोक ते गाळतात. मग खाद्य आठवड्यात कडक होतं किंवा त्याला बुरशी येते. बचत करायचीच असेल तर मक्याऐवजी घरची बाजरी किंवा ज्वारी वापरा आणि खाद्याच्या दहाव्या हिश्शाएवढी जुन्या पोळ्याची खरवड मिसळा. मध घरचा, पीठ घरचं. रोख पैसे जातात ते ग्लिसरीन, यीस्ट आणि दूध पावडरीला. बीटी फवारलेल्या पोळ्याचा तुकडा मात्र या खाद्यात चुकूनही जाऊ नये. सगळी पैदास चार दिवसांत बसेल आणि कारण सापडणार नाही.

डबा प्लास्टिकचा नको. ही अळी प्लास्टिक, लाकूड आणि कापड सगळं कुरतडून बाहेर येते. स्टीलचा डबा किंवा काचेची बरणी घ्या आणि झाकणाला भोक पाडून त्यावर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी डकवा. डबे मुंग्यांपासून वाचवायला स्टँडचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवा. वरच्या मापाच्या, म्हणजे पाऊण-एक किलो खाद्यावर 400 पेक्षा जास्त अळ्या ठेवू नका. मोठ्या अळ्या गर्दीत स्वतःची उष्णता करतात, डबा हाताला चक्क गरम लागतो आणि मधल्या अळ्या उकडून मरतात. उन्हाळ्यात डबा गरम लागला की लगेच दोन डब्यांत विभागा.

सुरुवातीला खरवडीतले कोष किंवा मोठ्या अळ्या वेगळ्या बरणीत ठेवा. बाहेर आलेले पतंग काही खात नाहीत, त्यांना खाद्य नको. बरणीत बटर पेपरची पंख्यासारखी घडी घालून टाचणीने पकडून सोडा. मादी त्या घड्यांच्या फटीत अंडी घालते, एकेक मादी शेकड्यांनी. कागद काढून खाद्यावर ठेवला की 28 ते 30 अंशांत चार-पाच दिवसांत अंडी फुटतात आणि पाच-सहा आठवड्यांत 2 ते 2.5 सेंमीची पांढुरकी, टच्च भरलेली अळी मिळते. कोष विणायच्या आधीची हीच अवस्था हवी. दर खेपेला 30-40 चांगल्या अळ्या पुढच्या पिढीसाठी राखून ठेवा. डब्यात बारीक तपकिरी-पिवळसर गांधीलमाश्या दिसल्या आणि अळ्या लुळ्या पडल्या तर ब्रेकॉन शिरला असं समजा. तो नारळावरच्या काळ्या डोक्याच्या अळीचा मित्रकीटक म्हणून आपण सोडतो, इथे मात्र तो तुमची पैदास संपवेल. डबा रिकामा करून उकळत्या पाण्याने धुवा आणि जाळी आणखी बारीक घ्या.

हे सगळं करायचं कुठे, यावर मात्र आम्ही अडून बसू. मेणपतंगाची पैदास पेट्यांच्या आणि चौकटींच्या साठवणीच्या घरात नको, त्याच आवारातही नको. डोंगरावरच्या पेट्यांपासून दूर, गावातल्या घरात, खिडकीला जाळी असलेल्या एका खोलीत करा. त्या खोलीतून निघून थेट पेटीवर जायचं नाही. डबा उघडायचा तो दिवसा, कारण पतंग रात्री उडतात. एक मादी निसटली तर सगळा खटाटोप उलटा तुमच्यावर येईल.

संसर्ग करायची पद्धत साधी आहे. झाकण असलेल्या पसरट काचेच्या बशीत गाळण कागदाचे दोन थर पसरा. बिनवासाचा पांढरा टिश्यूही चालतो. त्यावर 10 अळ्या ठेवा आणि सुमारे 1,000 कृमी असलेलं 1 मिली पाणी थेंबथेंब टाका, म्हणजे अळीमागे 100. कागद ओला हवा, पण पाण्याचं तळं नको. अळी पाण्यात बुडाली की गुदमरून मरते आणि सडते. पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं क्लोरीनचं नको. बशी अंधारात 25 ते 28 अंशांत ठेवा. 48 तासांत अळ्या मरतात.

तिसऱ्या दिवशी रंग बघा. हीच तुमची प्रयोगशाळा. हेटेरोऱ्हॅबडायटिसने मेलेली अळी विटकरी किंवा गडद तांबडी होते, तिला दुर्गंध नसतो, अंग मऊ पण फुटत नाही. तो रंग कृमीच्या पोटातल्या जिवाणूचा असतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं डोळे सरावू दिले तर अळी मंद उजळलेली दिसते, काजव्याच्या मानाने फार फिकी. काळी, गळकी, घाण वासाची अळी निघाली तर ती सडलेली, चिमट्याने काढून जाळा. एका बशीत अशा तीनपेक्षा जास्त निघाल्या तर सगळी बशी टाका. बहुतेक वेळा कारण एकच असतं, अळ्या अंगाला खाद्य चिकटलेल्या अवस्थेत वापरल्या. संसर्गाआधी त्या कोरड्या कागदावर तासभर फिरू द्या.

कृमी गोळा करायचा सापळा 1927 पासून चालत आलाय आणि त्यात सुधारणा करायची गरज फारशी कुणाला पडलेली नाही. मोठ्या ताटलीत अर्धा सेंमी पाणी घ्या. मध्ये एक लहान बशी पालथी घाला, तिच्यावर गाळण कागद असा पसरा की कडा पाण्यात टेकतील. मेलेल्या तांबड्या अळ्या या बेटावर ठेवा, वर झाकण. अळीतलं अन्न संपलं की आठव्या ते बाराव्या दिवसापासून कृमी बाहेर पडतात, ओल्या कागदावरून पाण्यात उतरतात. ताटली उजेडाकडे धरून हलवली की रेशमी धाग्यांसारखी लहर दिसते. प्रत्येक कृमी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दोन दिवसांनी एकदा पाणी काढून नवीन घाला, आठ-दहा दिवस पीक चालतं. काढलेलं पाणी उंच पेल्यात तासभर स्थिर ठेवलं की कृमी तळाशी बसतात. वरचं गढूळ पाणी ओता आणि ताजं घाला. असं तीनदा. इथे आळस केला तर अळीची चरबी आणि जिवाणू पाण्यात राहतात, दोन दिवसांत वास येतो आणि कृमी मरतात.

मोजणी टाळू नका. 1 मिली कृमीपाणी 99 मिली साध्या पाण्यात मिसळा, ढवळत असतानाच 1 मिली उचला आणि भिंगाखाली, जमलं तर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. आलेल्या आकड्याला 100 ने गुणा. तीनदा मोजून सरासरी घ्या. सरळ काठीसारखे न हलणारे मेलेले असतात, ते सोडून द्या. चांगल्या अळीतून दीड लाखाच्या आसपास कृमी मिळतात, कधी त्याहून बरेच जास्त.

साठवण हा या जातीचा कच्चा दुवा. ही उष्ण प्रदेशातली, फ्रीजमधल्या 4 अंशांत ती मरते. दाराचा कप्पा किंवा भाजीचा कप्पा 12 ते 15 अंशांवर राहील अशी कळ लावा. पाण्याचा थर 1 सेंमीपेक्षा खोल नको, खोल बाटलीत तळाचे कृमी हवेवाचून गुदमरतात. याहून चांगलं म्हणजे ओलसर पिळलेला स्वच्छ स्पंज भोकं पाडलेल्या डब्यात ठेवून त्यावर कृमी सोडणं. तरीही तीन-चार आठवड्यांच्या आत वापरा. आणि आपल्याच कृमींवर वर्षानुवर्षं पिढ्या काढू नका. सहा-आठ पिढ्यांनंतर जोर ओसरतो, नवीन बियाणं आणा.

आता हिशेब. शेतातलं प्रमाण हेक्टरी 250 कोटी कृमी, म्हणजे चौरस मीटरला अडीच लाख, गुंठ्याला अडीच कोटी. अळीमागे दीड लाख धरले तर एका गुंठ्याला साधारण 170 अळ्या लागतात, एकराला 6,700 च्या जवळपास. वरच्या मापाच्या एका खाद्यातून 400 अळ्या, म्हणजे दोन-सव्वादोन गुंठे. उलट पहिल्या फक्त 10 अळ्यांतून 15 लाख कृमी मिळतात आणि ते पुढच्या 15,000 अळ्यांना पुरतात. थोडक्यात, अडचण बियाण्याची नसून अळ्यांची आहे. घरच्या घरी एकरभर ऊस करण्याचं स्वप्न पाहू नका. हुमणी जिथे दरवर्षी पडते तो पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा हाती घ्या. त्याला 850 ते 1,000 अळ्या, म्हणजे अडीच मापं खाद्य. बाकी क्षेत्रासाठी विकतचे आणा.

वेळ साधली तरच फळ मिळतं. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे कडुनिंब-बाभळीवर जमतात, जूनमध्ये मातीत अंडी पडतात आणि जुलै ते ऑगस्टच्या सुरुवातीला अळी लहान असते. तेव्हाच कृमी सोडायचे. सप्टेंबरात ती मोठी आणि चिवट होते. मागे मोजत आलात तर खाद्य एप्रिलच्या शेवटी लावायला हवं. सोडायचे ते सूर्य मावळल्यावर, कारण उन्हात ते काही मिनिटांत मरतात. जमीन आधी ओली हवी आणि नंतरही आठ दिवस ओलसर. पाठीवरच्या पंपाचं नोझल आणि गाळणी काढून टाका, पाणी सतत हलवत राहा, उसाच्या बुडख्याशी ओता. पंप आधी कीटकनाशकाला वापरलेला असेल तर वेगळा घ्या.

याचा मधमाशीशी संबंध काय, तर हुमणीसाठी उसात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड ओततात आणि तुमच्या मेलिफेराच्या पेट्या त्याच रानाला लागून आहेत. पाणी गोळा करणाऱ्या माश्या सरीतल्या ओलाव्यावर बसतात. त्यांना फुलावरून नव्हे तर त्या पाण्यातून विष मिळतं. तुकडा तुमचा असो वा शेजाऱ्याचा, तिथे औषध थांबलं तर पेटीसमोर थरथरत पडणाऱ्या माश्या कमी होतील.

पेटीभोवतीच्या मातीत कृमी ओतणं परदेशात लहान पेटी-भुंग्यासाठी करतात, कारण त्याची अळी कोषासाठी पेटीतून उतरून मातीत शिरते. हा भुंगा पश्चिम बंगालमध्ये आल्याची नोंद झाली आहे. तो तुमच्या पेटीत दिसेपर्यंत यावर खर्च करू नका. दिसला तर एका पेटीभोवतीच्या मीटरभर वर्तुळाला 10 ते 15 लाख कृमी, म्हणजे दहाएक अळ्यांचं पीक पुरेल. मेणकिडा मात्र कोष पेटीच्या लाकडाच्या फटीत करतो, मातीत नाही. आणि चौकटीवर कृमी फवारायला पोळं ओलं ठेवावं लागतं. त्याने आतल्या अळ्या मरतीलही, पण पोळ्याला बुरशी लागेल. जिवंत वसाहतीत तर फवारूच नका, पिलाव्याजवळ 34-35 अंश तापमान असतं, तिथे कृमी टिकत नाहीत आणि नुसतं पाणी घातल्याचा त्रास माश्यांना होतो.

मेटारायझियम मधपेटीसाठी सोडून द्या म्हटलं त्याचं कारणही तापमानच. भातावर वाढवलेली शेतातली बुरशी मातीतल्या गारव्याला सरावलेली असते, पेटीतल्या उष्णतेत तिचे बीजाणू रुजत नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीने निवड करत करत उष्णता सोसणारं वाण व्हरोआ या मधमाशीवर जगणाऱ्या सूक्ष्म कोळ्याविरुद्ध तयार केलं, त्याचं काम 2021 मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या कृषी केंद्रातली पुडी म्हणजे ते वाण नव्हे. सातेरीला व्हरोआचा फारसा धोका नाही, ती एकमेकींच्या अंगावरून कोळी झाडते आणि कोळीही बहुतेक नरांच्याच घरांत वाढतो. मेलिफेराच्या 6 पेट्यांत एकेक चौकट नरांच्या घरांची बांधू द्या आणि ती झाकली गेली की माश्या बाहेर पडण्याआधी, लावल्यापासून तीन आठवड्यांच्या आत, काढून नष्ट करा. उशीर झाला तर तुम्हीच कोळी वाढवले असं होतं, तेव्हा तारीख चौकटीवर खडूने लिहा.

यंदा खेप संपली की उरलेलं खाद्य, रिकामे कोष आणि मेलेल्या अळ्या उकिरड्यावर टाकू नका. सगळं उकळत्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं ठेवा, वर तरंगलेलं मेण काढा आणि गाळ खड्ड्यात पुरा.